विजयदिनाचं निमंत्रण



७ मार्च २००५ या दिवशी युरोपातल्या दोन लहान देशांच्या राष्ट्राध्यक्षांनी मॉस्कोचं निमंत्रण नाकारल्याचं जाहीर केलं. एक एस्टोनियाचे आर्नोल्ड रूटेल, दुसरे लिथुआनियाचे वाल्दास आदाम्कुस. निमंत्रण ९ मेचं होतं. हिटलरच्या जर्मनीवरच्या विजयाला साठ वर्षं पूर्ण होत होती आणि लाल चौकातल्या संचलनासाठी पुतिन यांनी जगभरच्या नेत्यांना बोलावलं होतं. अमेरिकेचे बुश, फ्रान्सचे शिराक, चीनचे हू जिंताव, आपले डॉ. मनमोहन सिंग, सगळे जाणार होते. ज्या जर्मनीचा पराभव साजरा होत होता त्या जर्मनीचे चॅन्सेलर श्रोडर आणि तिच्या साथीदार जपानचे पंतप्रधान कोइझुमीसुद्धा. तिसऱ्या बाल्टिक देशाच्या, म्हणजे लाटव्हियाच्या, राष्ट्राध्यक्ष वाइरा विके-फ्रेइबेर्गा यांनी मात्र जानेवारीतच आपण जाणार असं सांगितलं होतं.

तिघांच्या देशांचा इतिहास जवळजवळ एकच. दोघांनी नकार दिला, एकीने होकार. ज्याने आपल्याला एका जुलमातून सोडवलं आणि नंतर स्वतःच पन्नास वर्षं दाबून ठेवलं, त्याच्या विजयोत्सवाला जावं का? आज मला याच प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. कोल्हापूरकरांनी तो ऐकावा याला एक खास कारण आहे. ते इथून हाकेच्या अंतरावर, वळिवड्यात आहे. तिकडे मी येणारच आहे.

सुरुवात २३ ऑगस्ट १९३९ पासून करायला हवी. त्या दिवशी मॉस्कोत मोलोतोव्ह आणि रिबेनट्रॉप यांनी रशिया आणि जर्मनी यांच्यातल्या अनाक्रमण करारावर सह्या केल्या. कराराला एक गुप्त जोडपत्र होतं आणि त्यात पूर्व युरोपची वाटणी होती. एस्टोनिया आणि लाटव्हिया रशियाच्या वाट्याला आले. लिथुआनिया आधी जर्मनीच्या वाट्याला होता, सप्टेंबरअखेरच्या दुसऱ्या करारात तोही रशियाकडे गेला. पोलंडचे दोन तुकडे ठरले. १ सप्टेंबरला हिटलर पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसला आणि १७ तारखेला पूर्वेकडून लाल सेना. बाल्टिक देशांवर आधी परस्पर साहाय्याचे करार लादून लष्करी तळ घेतले गेले. मग जून १९४० मध्ये, जगाचे डोळे पॅरिसच्या पाडावाकडे लागलेले असताना, तिघांना निर्वाणीचे खलिते गेले. काही दिवसांत रणगाडे राजधान्यांमध्ये होते. जुलैत निवडणुका घेतल्या, त्यात उमेदवारांची एकच यादी. त्या निवडणुकीतून आलेल्या सभागृहांनी सोव्हिएत संघात घेण्याची विनंती केली आणि ऑगस्टमध्ये ती मान्य झाली.

यानंतर काय झालं ते आकड्यांतही सांगता येईल, पण त्याआधी मला एका मुलीची हकिगत सांगायची आहे. दालिया ग्रिन्केविच्यूते, राहणार कौनास, लिथुआनिया. १४ जून १९४१ च्या रात्री तिला, तिच्या आईला आणि भावाला घरातून उचललं. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. वडिलांना वेगळं काढून श्रमछावणीत पाठवलं. आधी आल्ताई प्रांत, मग पुढच्या वर्षी त्याहून खूप उत्तरेला, लेना नदीच्या मुखाशी, लाप्तेव्ह समुद्राच्या काठी. तिथे झाड उगवत नाही. या माणसांनी स्वतःच्या हातांनी बराकी उभ्या करायच्या, मासेमारीच्या कारखान्यासाठी राबायचं आणि ध्रुवीय रात्रीत टिकून राहायचं. पहिल्याच हिवाळ्यात कितीतरी जण भुकेने आणि थंडीने गेले. ९ मे १९४५ ला मॉस्कोत विजयाचे तोफांचे बार झाले, तेव्हा ही मुलगी सैबेरियातच होती. १९४९ मध्ये ती मरणपंथाला लागलेल्या आईला घेऊन चोरून कौनासला परतली, कारण आईला मायभूमीत डोळे मिटायचे होते. आई गेली, पण उघड अंत्यसंस्कार करायची सोय नव्हती. दालियाने घराच्या तळघराची फरशी फोडून आईला तिथे पुरलं. सुट्या कागदांवर तिने या सगळ्याची हकिगत लिहिली, ते कागद बरणीत घालून बागेत पुरले आणि थोड्याच दिवसांत ती पुन्हा पकडली गेली. बरणी सापडली १९९१ मध्ये. दालिया त्याआधी चार वर्षं, १९८७ मध्ये वारली होती.

१४ जून १९४१ च्या त्या एका मोहिमेत तिन्ही देशांतून चाळीस हजारांवर माणसं गुरांच्या वाघिणींत भरून नेली. मार्च १९४९ मध्ये पुन्हा एकदा मोहीम झाली, ती नव्वद हजारांच्या घरातली. त्यात बहुसंख्य बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती.

या दोन मोहिमांच्या मध्ये जर्मन येऊन गेले. इथे मला थांबायलाच हवं, कारण या भागातलं सर्वांत भयंकर पर्व हेच आहे आणि बाल्टिक देशांची बाजू मांडणारे पुष्कळ जण ते घाईघाईने ओलांडतात. लिथुआनियात दोन लाखांच्या आसपास ज्यू होते. युद्ध संपेपर्यंत त्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले. व्हिल्नियसजवळच्या पोनारीच्या जंगलात, पेट्रोलच्या टाक्यांसाठी खणलेल्या खड्ड्यांच्या काठावर त्यांना उभं करून गोळ्या घातल्या. लाटव्हियात, रीगाजवळच्या रुंबुला इथे ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत सुमारे पंचवीस हजार माणसं मारली. हुकूम जर्मनांचे होते. बंदुका धरणाऱ्यांत आणि माणसांना घराघरांतून हाकून आणणाऱ्यांत मात्र स्थानिक लोकही होते. लाटव्हियातली आरायस याची टोळी त्यात कुख्यात आहे. जुलै १९४४ मध्ये लाल सेना व्हिल्नियसमध्ये शिरली तेव्हा तिच्याबरोबर जंगलातून बाहेर आलेले ज्यू बंडखोर होते, कवी आब्बा कोव्हनेर त्यांचा पुढारी. त्यांच्यासाठी तो दिवस मुक्तीचाच होता. त्याला दुसरं काही म्हणायचा अधिकार कोणालाही नाही.

आणि ज्या सैनिकाने ती मुक्ती आणली, त्याच्याबद्दलही स्पष्ट बोलू या. सोव्हिएत संघाने या युद्धात सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसं गमावली. लेनिनग्राडला जवळजवळ नऊशे दिवस वेढा होता. हिटलरचं सैन्य मुख्यतः पूर्वेच्या आघाडीवर मोडलं, हे कोणताही गंभीर इतिहासकार नाकारत नाही. रशियात, युक्रेनमध्ये, बेलारूसमध्ये क्वचितच एखादं घर असेल जिथे त्या युद्धातला मृत माणूस नाही. ९ मे हा दिवस त्या घरांचा आहे. २००५ च्या संचलनात जुन्या युद्धकालीन बनावटीच्या ट्रकांतून छातीभर पदकं लावलेले म्हातारे लाल चौकातून गेले. त्यांच्यातल्या कोणी मोलोतोव्हच्या जोडपत्रावर सही केली नव्हती. जोडपत्र आहे हेही त्यांतल्या बहुतेकांना पन्नास वर्षं माहीत नव्हतं. वाइराबाईंनी त्या वर्षी एका मुलाखतीत रशियन म्हाताऱ्यांच्या वोडका पिण्याबद्दल आणि वर्तमानपत्रावर सुका मासा ठेवून खाण्याबद्दल जे शब्द काढले, ते त्यांना शोभले नाहीत. बाई विदुषी होत्या, लोकगीतांच्या अभ्यासक होत्या. ज्यांच्याशी भांडण आहे त्यांच्या मृतांबद्दल आणि म्हाताऱ्यांबद्दल जीभ सांभाळायची असते.

मग अडचण कशात होती? ती कोणत्या वर्षापासून गोष्ट सांगायची यात होती. रशियात या युद्धाला महान देशभक्तीचं युद्ध म्हणतात आणि त्याचा काळ धरतात २२ जून १९४१ ते ९ मे १९४५. त्याआधीची पावणेदोन वर्षं, म्हणजे स्टालिन आणि हिटलर करारबद्ध होते तो काळ, या कथेच्या बाहेर राहतो. पोलंडची फाळणी बाहेर राहते, बाल्टिक देशांचा घास बाहेर राहतो, दालियाची वाघीण बाहेर राहते. लाल चौकात उभं राहायचं म्हणजे १९४१ पासून सुरू होणारी गोष्ट मान्य करायची. ज्यांच्यासाठी युद्ध १९४० मध्येच घरात शिरलं, त्यांनी ती कशी मान्य करावी?

आणि ही काही मिळणं अशक्य असलेली मागणी नव्हती, हे लक्षात घ्या. २३ ऑगस्ट १९८९ ला करार होऊन पन्नास वर्षं झाली, तेव्हा तालिनपासून रीगामार्गे व्हिल्नियसपर्यंत सहाशेहून अधिक किलोमीटर, सुमारे वीस लाख माणसं हातात हात घालून उभी राहिली. एकूण लोकसंख्या ऐंशी लाखांच्या आसपास असलेल्या तीन देशांतली वीस लाख. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, कराराची चौकशी करणाऱ्या याकोव्हलेव्ह समितीच्या अहवालानंतर, मॉस्कोतल्या लोकप्रतिनिधींच्या काँग्रेसने गुप्त जोडपत्राचा निषेध केला आणि ते मुळापासून निरर्थक ठरवलं. गोर्बाचोव्ह यांच्या राजवटीत जे शक्य झालं, ते २००५ मध्ये, मुक्त देशांच्या प्रमुखांना घरी बोलावताना, एकदा पुन्हा उच्चारायला काय हरकत होती? उलट पावलं मागे वळत गेली. २०२० मध्ये पुतिन यांनी एका दीर्घ लेखात लिहिलं की बाल्टिक देश करारानुसार, निवडून आलेल्या सरकारांच्या संमतीने सोव्हिएत संघात आले. एकाच यादीच्या त्या निवडणुका पुन्हा पुरावा म्हणून बाहेर आल्या.

आता त्या तीन माणसांकडे पाहू. वाइराबाईंचा जन्म रीगाचा, १९३७ चा. लाल सेना परतली तेव्हा कुटुंब जर्मनीत पळालं. निर्वासितांच्या छावणीत त्यांची तान्ही बहीण दगावली. मग मोरोक्को, मग कॅनडा. माँट्रियलला मानसशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या, १९९८ मध्ये परतल्या आणि वर्षभरात राष्ट्राध्यक्ष. आदाम्कुस कौनासचे, दालियाच्याच गावचे आणि तिच्याहून काही महिन्यांनीच मोठे. १९४४ मध्ये तरुणपणी लाल सेनेविरुद्ध लढले, मग निर्वासित, मग अमेरिकेत पर्यावरण खात्यात मोठे अधिकारी. रूटेल मात्र मायदेशीच राहिले. शेतीशास्त्रज्ञ, सोव्हिएत व्यवस्थेतून वर चढलेले, १९८३ पासून सोव्हिएत एस्टोनियाच्या सर्वोच्च मंडळाचे अध्यक्ष. म्हणजे मॉस्कोच्या संचलनाच्या मंचावर उभं राहण्याचा सराव असणारा माणूस कोण असेल तर तो रूटेल. त्यांनी नकार दिला. मला हा नकार तिघांच्या निर्णयांत सर्वांत वजनदार वाटतो. ज्याने ती व्यवस्था आतून पाहिली, तिच्यात पद भोगलं, त्याला तिथे उभं राहण्याचा अर्थ नेमका माहीत होता.

वाइराबाईंची बाजूही मांडायला हवी, कारण ती पोकळ नव्हती. त्यांचं म्हणणं असं की जगाच्या नजरा त्या दिवशी मॉस्कोवर असतील, मग गैरहजर राहून आपण आपली गोष्ट का गमवावी? जाहीरनामा काढून त्यांनी सांगितलं की मी नाझीवादाच्या पराभवाला मान द्यायला जाते आहे, पण लाटव्हियासाठी १९४५ मध्ये स्वातंत्र्य आलं नाही. आउशवित्झच्या मुक्ततेच्या साठाव्या स्मृतिदिनी त्यांनी पुतिन यांच्या हातात विसाव्या शतकातल्या लाटव्हियाच्या इतिहासाचं पुस्तक ठेवलं. मॉस्कोला ते आवडलं नाही. बाई युरोपातल्या वर्तमानपत्रांना मुलाखती देत राहिल्या. मेच्या पहिल्या आठवड्यात मॉस्कोला जाण्याआधी बुश रीगाला आले, तिन्ही राष्ट्राध्यक्षांना भेटले आणि युद्धाच्या अखेरीस झालेल्या याल्टाच्या वाटाघाटींत छोट्या देशांचं स्वातंत्र्य सोडून दिलं गेलं हे त्यांनी तिथे उघड मान्य केलं. १२ मेला युरोपच्या संसदेने ठराव केला, त्यात काही राष्ट्रांसाठी युद्धाचा शेवट म्हणजे स्टालिनच्या जुलमाची नवी सुरुवात होती असं नोंदवलं. या सगळ्यात बाईंचा वाटा मोठा आहे.

तरीही माझं मत रूटेल आणि आदाम्कुस यांच्या बाजूचं आहे, आणि त्याचं कारण संचलन या गोष्टीतच आहे. संचलनात पाहुण्याने मंचावर उभं राहायचं असतं. भाषण यजमान करतो. पलटणी जातात, रणगाडे जातात, विमानं जातात, पाहुणा टाळ्या वाजवतो, अज्ञात सैनिकाच्या समाधीवर फूल वाहतो आणि छायाचित्रात दिसतो. बाईंना जे सांगायचं होतं ते त्यांनी रीगात, ब्रसेल्समध्ये, मुलाखतींत सांगितलं. लाल चौकात त्यांना एक वाक्यही बोलायला जागा नव्हती. तिथे त्यांची उपस्थिती फक्त यजमानाच्या गोष्टीला दुजोरा देऊ शकत होती. जाण्याआधीच्या चार महिन्यांत त्यांनी जे कमावलं ते खरं, पण ९ मेच्या सकाळी त्यात भर पडली नाही.

याच्या बरोबर उलट एक प्रसंग सांगतो. ६ जून २००४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त राष्ट्रांच्या उतरणीला साठ वर्षं झाली आणि तिथे पहिल्यांदा जर्मन चॅन्सेलर उभा होता, हेच श्रोडर. त्यांच्या वडिलांचा मृत्यू याच युद्धात, रोमानियात झालेला. पराभूत देशाचा प्रमुख विजेत्यांच्या स्मरणाला गेला आणि कोणाला ते खोटं वाटलं नाही. का? कारण काय घडलं याबद्दल दोन्ही बाजूंत वाद उरला नव्हता. १९७० मध्ये जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातल्या ज्यूंच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले होते, त्याला तेहतीस वर्षं उलटून गेली होती. पराभूत जर्मनीला नॉर्मंडीत जागा मिळाली आणि मुक्त केलेल्या एस्टोनियाला मॉस्कोत उभं राहणं जड गेलं. या दोन घटनांमध्ये एका वर्षाचंही अंतर नाही.

आता वळिवडे.

१९४३ ते १९४८ या काळात वळिवड्यात पोलिश निर्वासितांची भारतातली सर्वांत मोठी वसाहत होती, सुमारे पाच हजार माणसांची, मुख्यतः बायका आणि मुलांची. ही माणसं हिटलरपासून पळून आली होती अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. ती चूक आहे. त्यांना १९४० मध्ये पूर्व पोलंडमधून सोव्हिएत पोलिसांनी उचलून सैबेरियात आणि कझाकस्तानात टाकलं होतं. हिटलरने रशियावर हल्ला केल्यावर स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज लागली, म्हणून १९४१ मध्ये त्यांची सुटका झाली. पुरुष जनरल आंदर्स यांच्या फौजेत गेले, बायकामुलं इराणमार्गे भारतात आली, छत्रपतींच्या संस्थानात राहिली. इथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, बाजार होता. मे १९४५ मध्ये युद्ध जिंकलं. पण यांची गावं, ल्वूफ आणि विल्नो (म्हणजेच व्हिल्नियस) यांच्या आसपासची, सोव्हिएत संघात गेली होती. ५ जुलैला ब्रिटनने पोलंडच्या लंडनमधल्या निर्वासित सरकारची मान्यता काढून घेतली. ज्या बाईचा नवरा इटलीत दोस्तांच्या बाजूने लढत होता, तिला त्या विजयानंतर परतायला घर नव्हतं. छावणी १९४८ ला उठली, बहुतेक जण ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडात विखुरले. वळिवड्याच्या त्या बराकींत मग फाळणीने उखडलेले सिंधी बांधव आले, तेच आजचं गांधीनगर.

८ जून १९४६ ला लंडनला विजयाचं मोठं संचलन झालं. भारतीय पलटणी त्यात चालल्या. ब्रिटनच्या आकाशात लढलेल्या आणि मॉन्टे कसिनो घेतलेल्या पोलंडची फौज त्यात नव्हती, कारण स्टालिनला दुखवायचं नव्हतं. हवाई दलातल्या पंचवीस पोलिश वैमानिकांना तेवढं बोलावलं होतं. आमच्या पायदळाला बोलावलं नाही तर आम्हीही येणार नाही, असं त्यांनी कळवलं.

आंदर्स यांची फौज आणि आपली माणसं यांचा संबंध अगदी जवळचा आहे. ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीवर आठव्या सेनेचा शेवटचा हल्ला झाला. नदीच्या एका भागात पोलिश कोअर होती, दुसऱ्या भागात आठवी भारतीय डिव्हिजन. त्या डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव होते, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे, कंपनीचे धावपटू. दोन्ही काठांवर उंच बांध, बांधांत मशिनगन. बरोबरची तुकडी जवळजवळ संपली. जाधवांनी एका जखमी साथीदाराला पाण्यातून, चढावरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित जागी नेलं. परत आले आणि दुसऱ्याला नेलं. मग एकट्याने मशिनगनच्या चौक्यांवर चाल केली. हाताला गोळी लागून बंदूक धरता येईना, तेव्हा हातबॉम्ब फेकत चौक्या गप्प केल्या. शेवटी बांधावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्या कंपन्यांना पलीकडे बोलावून घेतलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच नदीवर त्या रात्री लढणाऱ्या पोलिश सैनिकांपैकी कित्येकांच्या घरची माणसं आपल्या वळिवड्यात होती.

आणि आता ७ मार्च १९४६. दिल्लीत ब्रिटिश सरकारने विजयाचं संचलन भरवलं. दोनच आठवड्यांपूर्वी मुंबईत नौसैनिकांचं बंड मोडलं होतं, आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी देश पेटला होता. दिल्लीने बहिष्कार घातला, हरताळ झाला, टाऊन हॉलला आग लागली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. नाझींचा पराभव दिल्लीकरांना नको होता का? मुळीच नाही. सेनिओवर नामदेव जाधव किंवा टायबरच्या खोऱ्यात माणगावचे यशवंत घाडगे लढले ते खोटं होतं का? तेही नाही. घाडग्यांनी तर तिथे प्राण दिला. पण तो विजय साजरा करायला बोलावणारा यजमान आपल्या छातीवर बसलेला होता. म्हणून दिल्ली त्या मंडपात गेली नाही. एस्टोनियाचा नकार भारतीय माणसाला समजायला अवघड जाऊ नये. आपल्या आजोबांनी तो दिला आहे.

इतकं म्हटल्यावर नकार देणाऱ्यांकडूनही काही मागायला हवं. जो मॉस्कोला म्हणतो की पूर्ण गोष्ट सांगा, त्याने स्वतःची गोष्टही पूर्ण सांगावी. लिथुआनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ब्राझाउस्कास १९९५ मध्ये इस्रायलच्या संसदेत गेले आणि ज्यूंच्या हत्येत सामील झालेल्या लिथुआनियनांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. घरी त्यांच्यावर टीका झाली, तरी ते बोलले. ते बरोबर होते. पण रीगात दर १६ मार्चला जर्मनांच्या बाजूने लढलेल्या लाटव्हियन लीजनच्या माजी सैनिकांसाठी मिरवणूक निघते, तेव्हा मला अस्वस्थ वाटतं. लीजनमधले बहुतेक जण सक्तीने भरती केलेले होते हे मला माहीत आहे. लाटव्हियातल्या कुर्झेमे भागात युद्धाच्या अखेरीस दोन्ही बाजूंच्या लाटव्हियन पलटणी समोरासमोर आल्या, हेही माहीत आहे. त्यांच्या कबरींवर फूल ठेवावं. पण एसएसच्या झेंड्याखाली लढलेल्या पलटणीच्या नावाने शहरातून चालत जाणं आणि मॉस्कोच्या संचलनाबद्दल तक्रार करणं, हे एका तोंडात बसत नाही.

दुसरी गोष्ट त्या देशांतल्या रशियन भाषकांची. एस्टोनिया आणि लाटव्हियात सुमारे चौथा हिस्सा लोक रशियन आहेत. त्यांच्या घरात ९ मे हा आजोबांचा दिवस आहे. राष्ट्राध्यक्षाने मॉस्कोला न जाणं वेगळं आणि शेजारच्या म्हातारीला फूल ठेवू न देणं वेगळं. एप्रिल २००७ मध्ये तालिनच्या मध्यातला लाल सैनिकाचा ब्राँझचा पुतळा सरकारने हलवला. दोन रात्री दंगल झाली, एक तरुण प्राणाला मुकला. पुतळा सैनिकी दफनभूमीत नेला आणि खालच्या मृतांचे अवशेष सन्मानाने पुन्हा पुरले. जागा योग्यच निवडली होती. विजयाच्या चौकातून काढून दुःखाच्या जागी नेणं यात अपमान नाही. पण ९ मेच्या तोंडावर, मध्यरात्री पोलिसांचं कडं करून ते का केलं? रशियन शेजाऱ्यांशी वर्षभर बोलून, त्यांना बरोबर घेऊन ते करता आलं असतं. रीगातला विजयस्तंभ २०२२ च्या ऑगस्टमध्ये पाडला. तेव्हा युक्रेनच्या शहरांवर क्षेपणास्त्रं पडत होती आणि मॉस्को त्या युद्धालाही नाझींविरुद्धचीच लढाई म्हणत होतं. त्या संतापात स्तंभ उभा राहणं कठीणच होतं. त्यामुळे रीगाला दोष देणं मला जमत नाही.

भारतापुरतं सांगतो. आपला देश रशियाने व्यापला नव्हता, त्यामुळे आपल्याला लाल चौकात उभं राहायला अडचण नाही. त्या युद्धात पंचवीस लाख भारतीय स्वेच्छेने सैन्यात होते. २०१५ मध्ये ग्रेनेडियर्सची तुकडी आणि २०२० मध्ये तिन्ही दलांचे पंच्याहत्तर जवान मॉस्कोत चालले, त्यांच्या मागे ही पुण्याई होती. मला खटकतं ते आपलं मौन. बाल्टिक देशांच्या रिकाम्या जागांबद्दल आपल्याकडे कोणी बोललं नाही. तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू ऑगस्ट २०१९ मध्ये या तिन्ही देशांना गेले, भारताकडून इतक्या वरच्या पातळीची ती पहिलीच भेट. दौरा २१ तारखेला संपला आणि २३ तारखेला मोलोतोव्ह-रिबेनट्रॉप कराराला ऐंशी वर्षं झाली. दोन दिवस थांबून त्यांनी तिथे एक पुष्पचक्र वाहिलं असतं आणि पुढच्या वर्षी भारताचा प्रतिनिधी मॉस्कोतही फूल वाहायला गेला असता, तर दोन्ही ठिकाणी आपल्या शब्दाला वजन आलं असतं.

दिल्ली काय करेल ते दिल्ली ठरवेल. कोल्हापूरने काय करावं याबद्दल मी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांपुढे एक सूचना ठेवली आहे. २३ ऑगस्ट हा दिवस युरोपात स्टालिनशाही आणि नाझीवाद या दोन्हींच्या बळींचा स्मरणदिन म्हणून पाळतात. त्या दिवशी सकाळी महावीर उद्यानातल्या पोलिश स्मृतिस्तंभापाशी जमावं. वळिवड्यात राहून गेलेल्या माणसांची नावं शाळकरी मुलांनी वाचावीत, त्यांना इथे का यावं लागलं ते मुलांना सांगावं, आणि त्यात सैबेरिया हा शब्द वगळू नये. तसंच ९ मेला, त्याच जागी, लाल सेनेतल्या मृतांसाठीही एक हार ठेवावा. दोन्ही कार्यक्रम एकाच पत्रकात छापावेत. पत्रकाचा मसुदा मी लिहून आणला आहे, तो दाराशी टेबलावर ठेवला आहे. ज्यांना दुरुस्ती सुचवायची असेल त्यांनी आजच सुचवावी.